अंगवळणी

दोघी शेजारीशेजारी उभ्या होत्या माझ्या शेडमध्ये,
मध्ये एक बादली, छपरातून ठिबकणाऱ्या पाण्यासाठी.
डावीकडे हिरवी, एकोणनव्वद सालची.
उजवीकडे राखाडी, जिच्या सीटवरचं प्लॅस्टिक
मी मुद्दामच काढलं नव्हतं.

एलुनेड प्रॉथरो आत आली ती बूट पुसून.
तीस वर्षं अँब्युलन्स चालवलेली बाई,
दोल्गेथ्लाय ते बँगोर, रात्री, बर्फात,
मागे कुणाचं तरी कण्हणं.
"आता एकदा," ती म्हणाली,
"मागे कुणी नसताना जोरात जायचंय."

मी व्यापारी माणूस. राखाडीत चार पैसे जास्त सुटतात,
म्हणून आधी तिचीच किल्ली दिली. किल्ली कसली,
खिशात ठेवायचा गुळगुळीत खडा.
घाट चढून, उतरून
चहा निवायच्या आत ती परत.
केस जागच्या जागी.
"छान आहे," म्हणाली, ज्या आवाजात आपण
पाहुणे गेल्यावर त्यांच्या मुलाला हुशार म्हणतो.
मग थोडं थांबून:
"मेंढ्यांच्या फाटकापाशी वळणात चुकले मी.
पडद्यावर पिवळं काहीतरी लुकलुकलं
आणि चूक गायब.
काय चुकलं होतं माझं, इडवल?"
ते ती सांगत नाही, मी म्हटलं.
"आणि इंजिनाचा तो आवाज?"
स्पीकरमधून येतो.
ती हसली नाही.

हिरवीचं सगळं आधीच सांगून टाकलं.
चोक ओढावा लागतो.
उभी असताना स्टिअरिंग म्हणजे जातं.
हीटर एकतर थंड, नाहीतर भट्टी.
वेगाचा काटा थरथरतो, वर चार मैल जास्त दाखवतो.
एअरबॅग नाही. साठी उलटलीय तुझी, एलुनेड,
आणि दगडी कुंपणांना दयामाया नसते.
"माहीत आहे," ती म्हणाली.
"कुंपणापासून उचलून आणायचं काम माझंच होतं."

तास झाला. सव्वा तास.
दोनदा रस्त्यापर्यंत जाऊन आलो.
मग आधी ऐकू आली, तळ्याच्या पलीकडून,
एकेक गिअर उतरवत,
जिना उतरणाऱ्या ओळखीच्या पावलांसारखी,
आणि बऱ्याच वेळाने दिसली.

दार उघडून तिने डावा पाय
दोन्ही हातांनी उचलून बाहेर ठेवला,
दुसऱ्या कुणाचं सामान ठेवावं तसा.
चढावर बंद पडली होती. तीनदा.
क्लच दाबायला गुडघ्याने नकार दिला.
मागे टपालाची व्हॅन, तिला हात करून पुढे काढलं.
"चौथ्यांदा निघाली," म्हणाली,
आणि तळहात माझ्यासमोर धरला.
तो अजून बारीक थरथरत होता.
"रस्ता इथपर्यंत येतो. खडी, ओल, पुलाचा सांधा.
फाटकापाशी पुन्हा चुकले.
लवकर वळले होते. एवढंच."

अंगवळणी पडणं म्हणतात ते हेच असावं:
वळण रस्त्याचं, अंग आपलं,
आणि मध्ये दुभाषी नाही.
हे मी बोललो नाही. धंद्यात असलं बोलू नये.
मी गुडघ्याकडे बोट दाखवलं.

"नोव्हेंबरात बदलताहेत," ती म्हणाली.
"गुडघा नवा येतोय. एका बाईत
एवढं नवं पुरे. एप्रिलपर्यंत ठेवशील?"

ठेवली आहे. राखाडी
रेक्समच्या एका दंतवैद्याला गेली, प्लॅस्टिकसकट.
दर रविवारी हिरवी दहा मिनिटं सुरू करतो,
दार उघडं ठेवून, पांढरा धूर जाऊ देतो.
फाटकापर्यंत एक फेरी मारावी असं
दर रविवारी वाटतं.
पण पावतीच्या मागे एलुनेडने
मैलांचा आकडा लिहून नेला आहे.
विश्वास आहे तुझ्यावर, म्हणाली.
आकडा मात्र दोनदा तपासून लिहिला.