प्रश्न चौथा, (ब)

मे महिना, अमळनेर. कूलरची टाकी पुन्हा कोरडी.
एकशे चाळीस उत्तरपत्रिका, सुतळी, लाल पेन.
प्रश्न चौथा, (ब):
‘कादंबरीतील पात्रांच्या नावांचे प्रतीकात्मक अर्थ
स्पष्ट करा.’ गुण दहा.

शंभर वर्षांपूर्वीची कादंबरी, वीस वर्षं शिकवतेय:
दिवाकरपंत, ज्यांच्या घरात संध्याकाळी समई लागत नाही.
दयार्णव वकील, जो विधवेचं शेत गिळतो
आणि वर पाणीही पीत नाही.
मुक्ता, जिच्या खोलीला कडी बाहेरून.
फळ्यावर मी दोन रकाने आखते, नाव आणि अर्थ,
आणि मुलं उतरवून घेतात
काट्यावरून केळीच्या घडांची वजनं उतरवावीत तशी.

सगळ्यांचं तेच. मुक्ता म्हणजे मोकळी,
पण ती मोकळी नाही, म्हणून विरोधाभास.
सात. सात. साडेसहा.
एकाने दयार्णवचा दयानंद केला. पाच.

मग ही एक. नावाच्या जागी सगळ्यांसारखाच बैठक क्रमांक.
सुरुवातीला ‘मॅडम किंवा सर’ लिहून खोडलेलं.

‘सोळाव्या प्रकरणात मुक्ता रात्री नदी ओलांडते.
तिला पलीकडे नेणाऱ्याला लेखकाने नाव दिलेले नाही.
तो सहा पाने वल्हे मारतो. तो फक्त नावाडी आहे.
ज्याच्याजवळ नाव आहे त्याला नाव नाही.
याचे प्रतीक काय हे गाईडमध्ये सापडले नाही.

माझे आजोबा तापीवर नाव चालवत, पूल व्हायच्या आधी.
बाजारच्या दिवशी शेळ्या, लगीनसराईत वऱ्हाड,
एकदा तहसीलदार.
साहेबांनी विचारले, तुझं नाव काय रे?
आजोबा म्हणाले, मनी नाव पानीम्हा शे, साहेब.
साहेब हसले नाहीत.
वहीत लिहिले, नावाडी एक.

आजोबांच्या आधीची चार भावंडे जगली नव्हती.
म्हणून ते झाले तेव्हा सुपात घालून
उकिरड्यावर ठेवले, शेजारणीने उचलले
आणि सव्वा पैशाला त्यांच्या आईलाच विकले.
नाव त्यावरून पडले.
मरणाला वाटावे की हा केर आहे, पुढे जावे.
म्हणजे कादंबरीत नाव अर्थ सांगते,
आमच्याकडे ते माणूस लपवते.
ते नाव मी इथे लिहू शकत नाही.
उत्तरपत्रिकेत ओळख पटेल असे काही लिहू नये,
सूचना क्रमांक तीन.’

खाली अर्धं पान कोरं.

सूप की उकिरडा? सुपडू की उखर्डू?
मी दोन्ही नावं मोठ्याने म्हणून पाहिली.
आतून ह्यांनी विचारलं, कोण आलंय?
कोणी नाही, म्हटलं.

माझंही नाव एकदा ताटातल्या तांदळावर
अंगठीच्या टोकाने लिहून बदललं होतं.
दुसऱ्या दिवशी त्याच तांदळाचा भात झाला.
चांगला मोकळा झाला होता, सासूबाई म्हणाल्या.
हे मी कुठल्या रकान्यात लिहिणार?

मुद्दे दोनच. दिवाकरपंत नाहीत, दयार्णव नाही,
विरोधाभास हा शब्द एकदाही नाही.
आठ दिले. खोडून नऊ केले, शेजारी सही केली,
खाडाखोड केली की सही लागते.
मॉडरेटर विचारतील. विचारू देत.

परवा चोपड्याच्या गाडीने पुलावरून गेले.
खाली वाळू, टरबुजांचे वेल, एक बारीक धार.
पलीकडच्या काठाला उलटं घातलेलं काहीतरी होतं,
होडी असेल, किंवा कढई. गाडी थांबली नाही.

घरी येऊन कादंबरी काढली.
सोळावं प्रकरण, पान दोनशे अकरा,
‘नावाड्याने वल्हे पाण्यात घातले.’
समासात पेन्सिलीने लिहिलं, सुपडू.
खाली, जरा बारीक,
की उखर्डू?