समस्त समाजाच्या वतीने

निवेदन मी लिहितो, कारण माझं मराठी चांगलं आहे.
एकतीस वर्षं महापालिकेच्या शाळेत
मुलांना समास सोडवायला शिकवलं.
दर दोन वर्षांनी नवा हेडमास्तर आडनाव वाचून म्हणायचा,
अत्तार सर, उर्दू माध्यम पलीकडच्या इमारतीत आहे.

तर बैठक घोरपडे पेठेत,
यासीनभाई पिंजारींच्या गादी कारखान्याच्या माळ्यावर.
कापूस उडतो, चहात पडतो,
कुणी काढत नाही.
मागण्या अकरा.
मुलींचं वसतिगृह. शिष्यवृत्तीची थकबाकी.
कबरस्तानाला जागा, कारण आता
जुन्यातच नवं माणूस ठेवावं लागतं;
माझ्या भावाची कबर खणताना
कुदळीला आधीचं कुणीतरी लागलं होतं.
हे मी निवेदनात लिहिलं नाही.
लिहिलं, "जागेची तीव्र टंचाई जाणवत आहे."

बारावी मागणी जिना चढून आली, धापा टाकत.
हलीमाबी शिकलगार.
"मास्तर, हमारे गल्ली का नळ भी लिखो.
रात को तीन बजे आता, वो बी करंगळी इतना."
रफिउद्दीन वकील हसले, वाईट नव्हे, थकलेलं हसले.
"खाला, कलेक्टरपुढे नळ काय मांडायचा?
तिथं धोरणाचं बोलावं लागतं."
पेन माझ्याच हातात होतं.
मी त्याचं टोपण लावलं.

कचेरीत चार तास बाकावर.
शिपाई म्हणाला, पाचच जण आत.
आम्ही नऊ.
मग पाचांत कोण, यावरून जिन्यातच जुंपली:
तांबोळी म्हणाले, आमचं कुणीच नाही का?
बागवान म्हणाले, बुके कुणाच्या पैशाचा?
मला नेलं. कागद मीच लिहिला होता ना,
अडला एखादा शब्द तर.

साहेबांनी पहिला परिच्छेद वाचला.
"वा, काय मराठी आहे! तुमच्यात इतकं शुद्ध..."
आणि तिथेच थांबले, भले माणूस.
मग चष्मा काढून:
"समस्त समाजाच्या वतीने म्हणता.
परवा दुसरी संघटना येऊन गेली, तीही समस्तच.
तुम्हाला ज्या जागेवर वसतिगृह हवं,
तिथं त्यांना शादीखाना हवा.
मी कोणता समस्त धरू?"

कुणी बोललं नाही.
समस्त. सम् आणि अस्त.
अस्त म्हणजे इथे मावळणं नव्हे मुलांनो, टाकलेलं;
समस्त म्हणजे एकत्र टाकलेलं, एका ढिगात.
फळ्यावर लिहून द्यायचो मी.

सात मिनिटं. आवक क्रमांक, जांभळा शिक्का.
फोटोत बुके आहे, वकील आहेत, यासीनभाईंची टोपी आहे,
कडेला एक कोपर आहे, ते माझं.
घरी नात म्हणाली, दादाजान, तुम्ही कुठे?
बोट ठेवून दाखवलं.

आठवड्यानं हलीमाबी दारात.
वहीचं फाडलेलं पान, निळी शाई,
नातवाच्या हातचं नाही, स्वतःचं;
रात्रशाळेत सातवीपर्यंत गेली होती म्हणे, कधीतरी.
भवानी पेठ क्षेत्रीय कार्यालय, पाणीपुरवठा.
खाली बेचाळीस सह्या, त्यात सतरा अंगठे,
आणि एक गायकवाड, दोन परदेशी,
कारण नळ त्यांनाही तेवढाच येतो.
"सुधारू नका मास्तर. फक्त पत्ता बघा, बरोबर है का."

पत्ता बरोबर होता.
वतीने हा शब्द कुठेच नव्हता.
सुरुवातच अशी: आम्हाला पाणि पाहीजे.

लाल पेन खिशात होतं, सवयीनं हात गेला.
पाणी दीर्घ. पाहिजे ह्रस्व. दोन चुका, अर्धा गुण वजा.
मग आठवलं,
ह्रस्व पाणि म्हणजे हात.

कागद तसाच घडी घालून परत दिला.
जिना उतरताना ती म्हणाली,
चलते क्या?
मी चपला शोधत होतो.