आधी खड्डा

क्वार्टरच्या भिंतीत एक भेग होती.
मे महिन्यात तिच्यात पाचाचं नाणं उभं जायचं,
ऑगस्टात नखही शिरत नसे.
सोळा वर्षं मी त्या भिंतीपाशी उशी ठेवली,
जिंतूरच्या सरकारी दवाखान्यात, नर्स म्हणून,
आणि मला वाटायचं, दोष ठेकेदाराचा.

थोडाफार होताच.

रिटायर व्हायला दोन वर्षं उरली तेव्हा
येलदरी रोडला प्लॉट बघायला गेले.
रंगनाथ दलाल म्हणाला, सिस्टर, सोनं आहे,
पंधरा फूट नुसती काळीभोर,
कापूस छातीला लागायचा इथं.
मी खूश. मला मोसंबी लावायची होती,
कॅलेंडरावर असते तशी, दाराजवळ.

वहाब मिस्त्री काहीच बोलले नाहीत.
चपला हातात घेऊन प्लॉटभर चालले,
एका भेगेत छत्रीची तुटकी काडी सोडली.
काडी गेली, मागून त्यांचा हात
मनगटापर्यंत गेला.
"आधी खड्डा," ते म्हणाले, "मग इसार."

यल्लप्पा आणि त्याचा पोरगा खणायला लागले.
पहिला फूट काळा, दुसरा काळा,
चौथ्याला कुदळ अशी धरून ठेवली मातीनं
की यल्लप्पानं तिला शिवी दिली,
आणि लगेच कान पकडले.
मिस्त्रींनी तांब्यातलं पाणी घालून गोळा मळला,
तळव्यावर वात वळली,
वातीची बांगडी केली.
बांगडी तुटली नाही.

"बगा सिस्टर, हिच्यात जीव लई.
पाणी प्याली की फुगती, ऊन लागलं की आखडती.
घर पाठीवर घेऊन गप निजंल व्हय ही?
रातभर कूस बदलंल."
मला हसू आलं. अशा कितीजणी
मी नवव्या महिन्यात पाहिल्यात.

सहाव्या फुटाला पांढरे खडे लागले.
मिस्त्रींनी डब्यातली लिंबाची फोड पिळली,
खड्यांवर बारीक फेस आला, सोड्यासारखा.
"चुनखड. तुमची मोसंबी
दोन वर्सं हसंल, मंग पिवळी पडंल."

तिकडे कोपऱ्यात पोरगा उगाच कुदळ मारत होता.
दोन फुटांखाली शाम्पूच्या पुड्या निघाल्या,
बाथरूमच्या फरशीचा तुकडा, एक रबरी चप्पल.
"इथं वगळ होती," यल्लप्पा म्हणाला.
रंगनाथनं मोबाइल कानाला लावला, न वाजलेला.
"कवाच बुजली की ती!"
"तुमी बुजवली," मिस्त्री म्हणाले,
"पर पाण्याला कुणी सांगितलं?"

वरच्या अंगाला माळ होता. तरवड, कुसळं,
आणि चाळीस हजारांनी स्वस्त,
कारण माळ कोण घेतं?
दीड फुटावर पहार खणकन वाजली. मुरूम.
दोन घागरी ओतल्या,
यल्लप्पाची बिडी संपायच्या आत
खड्डा कोरडा.
"इथं घर गप बसंल."
"आणि झाड?"
"मोसंबी बाजारात मिळती, सिस्टर. सीताफळ लावा."

आठवडाभर मी त्यांच्याशी बोलले नाही.
माती घराला मानवते ती झाडाला नको,
झाडाला हवी ती घराला नको,
आणि मला एकाच तुकड्यात दोन्ही हवं होतं,
आयुष्यभराच्या पगारात.

आता माळावरच राहते.
मे आला की सवयीनं भिंतीवरून नख फिरवते,
लागत काही नाही.
सीताफळाला यंदा सात फळं धरली,
चार राघूंनी नेली.
खाली कुणी बंगला बांधलाय; भादव्यात
त्यांचं दार लागता लागत नाही,
धडधड इथवर ऐकू येते.

आणि मागच्या बाजूला, पाण्याच्या अर्ध्या ड्रममध्ये,
चार पोती काळी आणून,
एक मोसंबी.
पानं जराशी पिवळी आहेत.
वहाब मिस्त्री चहाला आले की
मी ड्रमच्या पुढे उभी राहते.