तिसरी थाप

मंगळवारी आणि शुक्रवारी
चर्चमागच्या थंड खोलीत मी भाषा शिकवते.
खडू आता बोटांना सोसत नाही,
म्हणून वस्तूंवरच चिठ्ठ्या चिकटवते.

केब्बा सुतार. गांबियाचा.
चिठ्ठी वाचण्याआधी तो वस्तू उलटी करून
तिचे सांधे बघतो.

"तावोलो," मी म्हटलं, "तो. चार पायांचा, लाकडाचा.
त्यावर चादर अंथरली, पाव ठेवला, माणसं बसली,
की तावोला. ती.
आणि जुने चितारी ज्या फळीवर सोनं चढवून
संतांचे चेहरे काढत, तीही तावोला."
त्यानं लिहून घेतलं. मग विचारलं,
"नेमकी कधी होते ती?
चादर टाकताना, की पाव ठेवल्यावर?"
चाळीस वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं.
मी म्हटलं, पुढचं पान उघडा.

मार्चात सुतारांच्या संताचा, जुझेप्पेचा सण.
आमच्या बेलिचेच्या खोऱ्यात घराघरात वेदी मांडतात,
लिंबं, पानं, आणि पावाचे मोर,
पावाची करवत, पावाची शिडी.
जेवायला तीन संत, गावातलेच कुणी.
यंदा मारिया झाली बेकरीवाल्याची नात नुंत्सिया,
येशू तिचा शेंबडा भाऊ.
"आणि जुझेप्पे?" रोझोलिना म्हणाली,
"खरा सुतार गावात असताना शोधता काय?"
केब्बानं आईला फोन लावला,
बराच वेळ बोलला, मग हो म्हणाला.

रीत अशी: संतांनी दार ठोठवायचं,
आतून दोनदा नाही म्हणायचं. थापेला थाप.
तिसऱ्यांदा उघडायचं.
हे गावाला इतकं पाठ
की त्याला सांगायचंच राहून गेलं.

पहिली थाप. मी आतून म्हटलं, जागा नाही.
दुसरी थाप. जागा नाही, दुसरीकडे बघा.
माझे उच्चार स्वच्छ, वर्गात असतात तसे.

मग काहीच नाही.
पास्ता निवत चालला, वर भाजलेल्या पावाचा चुरा,
सुताराच्या भुशाची आठवण म्हणून घालतात तो.
रोझोलिना खिडकीतून डोकावली.
संत जुझेप्पे काठी घेऊन
पायऱ्या उतरत होता.
राग नाही, काही नाही.
ओळखीचं वाक्य कानावर पडलेल्या माणसासारखा.

ते वाक्य माझ्याआधी त्याला
घरमालकांनी शिकवलं होतं,
सात दारांवर, शुद्ध व्याकरणात.

नुंत्सिया त्याच्या बाहीला लोंबकळत ओरडत होती,
"अजून एक राहिलीय! अजून एक!"

तिसरी थाप पडलीच नाही.
त्याचा हात हवेत,
आणि मी दार उघडून उभी.

बसल्यावर त्यानं आधी पावाला हात लावला नाही.
चादरीची कड उचलली,
खाली अंधारात सांधा चाचपला.
"तावोलो हलतोय," म्हणाला. "उद्या पाचर घेऊन येतो."

सवयीनं मी चूक काढायला तोंड उघडलं.
चूक नव्हती.