मला काही माहीत नाही

दलदलीच्या त्या कोपऱ्यात आम्ही बायका घडे बुडवत नाही.
कापणी उरकली की तिथल्या गाळात, दगडांखाली
काहीतरी दबून असतं दीड-दोन महिने.
लाकूड असेल. कीड मरावी म्हणून भिजत घातलेलं असेल.
मी कशाला सांगू?
मला काही माहीत नाही.

तसंच बाभळीच्या शेंगांचं.
माझंच मोठं मडकं मागून नेलं भावकीतल्या पोरांनी,
परत आलं तेव्हा बुडाशी डांबरासारखा थर.
तीन दिवस राखेनं घासतेय.
काय शिजवलंत रे, असं मी विचारलं नाही.
"औषध," ते म्हणाले, न विचारताच.

येझुमा गेला पावसाच्या तोंडावर. माझा धाकटा दीर.
देदुगूच्या बाजारातून येताना सायकलवरून पडला होता एकदा,
तेव्हापासून गुडघा अधू.
आणि योगायोग बघा,
आमच्या घराण्याचा रानरेडा
त्याच वर्षापासून डाव्या पायानं लंगडू लागला.
गावात कुणी ही गोष्ट त्या गोष्टीला जोडली नाही.
जोडायची नसते.

आज हरमातानची धूळ, सूर्य पीठ सांडल्यासारखा.
बालाफोनवाल्यांनी डोलोचं दुसरं मडकं संपवलं
तेव्हा रानाकडून आले ते:
पुढे ससाणा, फळीएवढे पंख तोलत,
मग मगर,
मग माकड, पोरांच्या हातातले शेंगदाणे पळवणारं,
आणि सगळ्यांत शेवटी रेडा.
सावरीच्या लाकडाचं तोंड, एकमेकांना भेटू पाहणारी शिंगं,
डोळ्यांभोवती काळी-पांढरी वर्तुळं, रंग अजून ओलसर,
आणि अंगभर लाल अंबाडी,
एवढी दाट की आत माणूस असेल
अशी शंकासुद्धा येऊ नये.
मला आली नाही.

लंगडत नव्हता.
"गुडघा बरा झाला की रेड्याचा!" कुणीतरी ओरडलं. लोक हसले.
दोन गिरक्या, मुंडी जमिनीला घासून वर, पुन्हा खाली.
तरणा. उतावळा.
अंबाडीखालून पाऊल दिसलं, डोळा लवेपर्यंत,
अंगठ्याजवळचं बोट आडवं.
ते कुदळीखाली कसं आलं, रक्त कशानं थांबलं,
कुणाच्या मांडीवर कुणी रात्रभर कण्हत होतं,
हे सगळं मी त्याच क्षणी विसरले.
शेजारणीला म्हणाले, "कुठल्या रानातला गं हा?"
"लांबचा दिसतोय," ती म्हणाली.
तिचा मुलगा माकड.
तिलाही काही माहीत नाही.

मग हाबेरेचं दार आलं.
येझुमाची बायको उंबऱ्यावर पाय पसरून बसलेली,
कशाकडेच न बघता.
रेडा थांबला.
वाद्यं पुढे गेली, तो मागे राहिला,
आणि निघाला तेव्हा डावा पाय
ओढत
निघाला.
चार पावलं. पाचवं जरा घसरून,
अगदी तसंच.
हे एका रेड्याला कोण शिकवतं?
ढोलवाला म्हातारा चिडला, ताल सोडला म्हणाला.
हाबेरेनं कापडाचं टोक तोंडात कोंबलं.
पावसापासून आज पहिल्यांदा रडली,
मग कमरेची गाठ सोडून
एक नाणं धुळीत ठेवलं, त्या फरपटीच्या रेघेवर.

रात्री दोफिनी घरी आला.
अंग धुतलेलं, कानामागे तेवढा लाल राहिलेला.
"कुठे होतास? एवढे मुखवटे येऊन गेले,
तुझं मेलं बघायचं राहिलं."
"शेळ्या चुकल्या होत्या," म्हणाला, ओठ फार न उघडता.
दोन्ही कोपरे सोललेले.
म्हणतात की आतून दोर दातांत धरावा लागतो,
म्हणून मुखवटा कधी बोलत नाही.
म्हणतात. ऐकीव गोष्ट.

मी पेज पातळ केली.
निववून पुढे ठेवली.
"मिरची नाही घातलीस?"
"संपली," मी म्हणाले,
आणि भिंतीवरची माळ
पाठीनं झाकून उभी राहिले.