भिकन मिस्तरींच्या मुलीची पत्रिका

बटण दाबलं.
पंखा फिरला, हिरवा दिवा लागला,
पडदा काळाच.
आणि आतून लांब, लांब, लांब,
पाववाल्याचा भोंगा अडकून बसावा तशी हाक.

आखाजी पंधरा दिवसांवर.
सकाळी नवाला भिकन मिस्तरी येणार
मुलीच्या पत्रिकेचं शेवटचं प्रूफ बघायला.
प्रणिताची णि त्यांनी दोनदा बदलून नेलीय,
आधी ऱ्हस्व, मग दीर्घ.

सुरतेला दिराला फोन लावला.
हितेंद्रचं दुकान लूमच्या भिंतीला भिंत लावून,
मागे खटखट, खटखट,
त्याला माझं निम्मं ऐकू येतं, मला त्याचं पाऊण.
वहिनी, प्लग काढा. काढला.
आता बटण दाबून धरा, आत उरलेली वीज निघून जाऊ द्या.
वीज उरते, हे मला नवीन.
धरणगावात ती असते तेव्हाही पुरत नाही.

चार स्क्रू, त्यातला एक आधीच हरवलेला.
पत्रा सरकवला तर आत रुई.
जिनिंगच्या मागच्या गल्लीत घर,
दिवाळीपासून होळीपर्यंत ती हवेतच असते,
वरणात, पापण्यांत,
आणि इथे, पंख्याच्या पात्यांवर,
एका वातीपुरती.
ओढून काढली, बोटांनी सवयीने वळलीसुद्धा,
मग काय करायचं सुचेना, खिडकीत ठेवली.
कोपऱ्यात पालीचं अंडं, फुटकं, रिकामं.
हे हितेंद्रला सांगितलं नाही.

हिरवी पट्टी दिसते? दोन्हीकडचे कान बाहेर दाबा.
आता तिचे सोनेरी दात खोडरबराने घासा.
खोडरबर धाकटीच्या दप्तरातून. स्ट्रॉबेरीचा वास.
चूक कुठेच दिसत नव्हती,
तरी घासत राहिले,
आणि पट्टी परत बसवली, टक्.

आता ओरडणं थांबलं.
पडदा तसाच.
ओरडत होता तेच बरं होतं.

नाण्यासारखा चपटा सेल दिसतो?
तो मेला असणार. दुसरा टाका.
रात्री साडेदहाला? कुठला?
ओट्यावर खाटेवरून सासूबाई इतका वेळ
सगळं ऐकत पडलेल्या.
"मन्हा साखरना यंतरमा तसाच शे. काढी ले."

पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली.
एक जानेवारी, दोन हजार नऊ.
बनवणाऱ्यांनी दिलेली जन्मतारीख असेल,
शाळेत मास्तर देतात तशी.
सासूबाईंची एक जून, ह्याची एक जानेवारी.

त्या दिवशी मी ह्या घरात नव्हते.
एरंडोलला अकरावीत होते,
संध्याकाळी टायपिंगच्या क्लासला जायचे,
ह्या गल्लीचं नावही ऐकलेलं नव्हतं.
आणि हा मला विचारतो,
आज तारीख काय?

अधिकचं बटण दाबलं की एक वर्ष.
दहा. अकरा.
बारा, लग्न; बोट थांबलं नाही.
चौदा, गारपीट.
सोळा, धाकटी.
वीस, एकवीस
जरा जोरातच दाबली.
तेवीस, चोवीस, आणि धक्क्यात
पंचवीस येऊन गेलं.
मागे आणलं.
कोणी बघितलं नाही ना, म्हणून
उगाच दाराकडे पाहिलं.

झालं? हितेंद्रने विचारलं. खटखट, खटखट.
झालं, म्हटलं.
तिकडे जेवलात का, हे विचारायचं राहिलं.

सकाळी मिस्तरी आले.
चष्मा कपाळावरून खाली घेतला,
कागद उजेडाकडे धरला, बराच वेळ.
म्हणाले, ऱ्हस्वच बरी दिसत होती.

ओट्यावर सासूबाई चहात साखर घालत होत्या.
दीड चमचा. मग आणखी अर्धा.
मी बघितलं तसं म्हणाल्या,
"यंतर बंद शे. मोजी कोन?"