कॉलम सेंटिमीटर

मी पानं लावतो. सातपूरला, रात्री आठ ते दोन.
बातमी माझी नसते, मथळा माझा नसतो,
जागा मात्र माझ्या हातातली:
कुणाला किती, कुठे, कशाच्या शेजारी.

यंदा वकील संघाच्या अध्यक्षपदाला दोनच नावं उरली.
अ‍ॅड. कुमुद बोरस्ते, बावीस वर्षं सरकारी वकील,
आणि अ‍ॅड. श्रीरंग कोठुळे,
ज्यांच्या मेहुण्याची गंगापूर रोडची स्कीम
दर रविवारी आमचं अख्खं पहिलं पान घेते.
कुणी काही सांगितलं नाही.
सांगावं लागत नाही.

कोठुळे ‘म्हणाले’. बाईंनी ‘दावा केला’.
कोठुळे ‘भूमिका मांडतात’,
बाई त्याच मंडपात, त्याच माईकवर ‘आगपाखड करतात’.
त्यांचा फोटो तीन कॉलम, रंगीत,
शाल, नारळ, मागे सोळा हसरी तोंडं.
बाईंचा तिकिटाएवढा, डोळे अर्धे मिटलेले.
फोल्डरमध्ये चांगले सहा होते.
मी तोच उचलला.
तो आधी दिसला, असं स्वतःला सांगितलं.

बाईंना मी एकदा जवळून पाहिलंय.
द्वारका चौकात टँकरनं एका पोराला उडवलं
तेव्हा मी हातगाडीवर केळी घेत होतो.
साक्षीदार क्रमांक तीन.
सीबीएसला उतरून कोर्टात गेलो तर पोटात गोळा,
आणि त्या व्हरांड्यात बाकावर डबा उघडून बसलेल्या,
मेथीची भाजी, शेजारी फायलींचा ढीग.
मला म्हणाल्या,
‘दिसलं तेवढंच सांगा. वाटलं ते घरी ठेवा.’
उलटतपासणीत समोरच्यानं चार वेळा विचारलं, अंतर किती?
मी चारही वेळा म्हणालो, पंधरा पावलं.
अजूनही पंधराच आहे,
चौकात उड्डाणपूल आला तरी.

मतदानाच्या आदल्या रात्री साडेअकराला मॅटर आलं.
‘बोरस्तेंच्या काळात किती आरोपी सुटले?’
प्रश्नचिन्हावर अब्रुनुकसानी लागत नाही, डेस्कवर म्हणतात.
खाली चौकट, चौकटीत सात ओळी,
पाचवी ओळ:
द्वारका टँकर अपघात प्रकरण, आरोपी निर्दोष.

दीड वर्ष शिक्षा झाली होती त्याला.
पोराच्या बापानं निकालानंतर
आम्हा तिघा साक्षीदारांना मेहेर सिग्नलजवळ चहा पाजला होता,
स्वतः प्याला नाही.

ओळ एका शब्दानं बाहेर जात होती.
मी ‘प्रकरण’ काढलं.
बसली.

पान सोडलं बाराला पाच कमी असताना.
एरवी उशीर होतो. त्या दिवशी नाही झाला.

एकतीस मतांनी पडल्या.
आम्ही लिहिलं, ‘अपेक्षित निकाल’.

आठवड्यानं त्यांचं पत्र आलं, हातानं लिहिलेलं,
फोटोबद्दल नाही, आगपाखडीबद्दल नाही,
फक्त पाचव्या ओळीबद्दल.
सोबत निकालपत्राची झेरॉक्स.
डेस्कनं त्यावर पेनानं लिहिलं: खुलासा, पान नऊ, छोटा.
मी एक कॉलम बाय चार घेतला,
मग खालून पाइपलाइनची निविदा आली,
एक बाय तीन.
मग दशक्रियेची एक जाहिरात, रोख पैसे भरलेली.
एक बाय दोन.
त्यात ‘दिलगीर’ मावत नव्हतं.

झेरॉक्स परत द्यायची नसते, रद्दीत जाते.
मी चाळली.
पान चार, फिर्यादीतर्फे साक्षीदार.
वीस वर्षं या पेपरात आहे,
दिवाळी अंकाच्या श्रेयनामावलीत दरवर्षी
मला ‘विठ्ठल गांगुर्डे’ छापतात.
मी सांगणं सोडलं.
तिथं, फिकट शाईत, तिसऱ्या क्रमांकावर,
विठोबा रखमाजी गांगुर्डे.
काना, मात्रा, सगळं जागेवर.